तुरुंगात बरा होतो

मुलांना पैशाची किंमत कळावी म्हणून मी मोनोपॉली आणली, म्हणजे जागा विकत घेऊन भाडं वसूल करायचा पटावरचा खेळ. बचत, गुंतवणूक, व्याज सगळं हसतखेळत शिकवायचं, असा बेत. बायको म्हणाली, "तुम्ही शिकवणार?" त्यातल्या 'तुम्ही'कडे मी तेव्हा काणाडोळा केला.

सुरुवातीला प्रत्येकाला 1500 मिळतात. मी ते जपून ठेवले, वर "दिसेल ते घ्यायचं नसतं" हा उपदेश. दहा वर्षांची लेक दिसेल ते घेत सुटली. मी नाकारलेल्या जागेचा लिलाव करावा लागतो, हेही तिनेच नियमपुस्तिकेतून काढलं आणि ती जागा निम्म्या भावात लाटली.

दोन तासांत तिच्याकडे तीन रंगांच्या सगळ्या मिळून आठ जागा, प्रत्येकीवर चार घरं. "आता हॉटेल बांध की," मी मोठ्या मनाने म्हणालो.

"छे! घरं एकूण 32च असतात. हॉटेल घेतलं की चार परत बँकेत जाणार. मग दादा बांधेल ना!"

दादा रडवेला झाला. या खेळाच्या मूळ रूपाचं पेटंट एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंना 1904 साली मिळालं. जमिनीची मक्तेदारी बाकीच्यांना कशी नागवते, हे त्यांना दाखवायचं होतं. बाईंचा धडा लेकीला पक्का कळला होता, फक्त मालकिणीच्या बाजूने.

बँकेच्या नोटा संपल्या तर साध्या कागदावर लिहून द्यायच्या, बँक कधी बुडत नाही, असा नियम आहे. "मग आपण का नाही लिहायच्या?" मुलाने विचारलं. मी घाईघाईने फासे टाकले.

माझं सगळं गहाण पडलं होतं. गहाण टाकताना निम्मी किंमत मिळते, सोडवताना वर 10 टक्के. लेकीकडे थोडे उसने मागितले. तिने पुस्तिकेतल्या ओळीवर बोट ठेवलं: खेळाडूंनी एकमेकांना कर्ज द्यायचं नाही.

तेवढ्यात देव पावला, तुरुंगात गेलो. काय ती शांतता! कुठे जायचं नाही, कुणाचं भाडं नाही. पण तिसऱ्या खेपेलाही दोन्ही फाशांवर सारखे आकडे आले नाहीत, तर 50 भरून बाहेर पडावंच लागतं. डोळे मिटून फासे टाकले. पाच आणि तीन. आठ चौकोन पुढे लेकीची नारिंगी जागा. मोकळी असती तर भाडं 28; चार घरांचं 750.

लेकीने हात पुढे केला.

"थांब गं," बँक सांभाळणारी बायको म्हणाली. "अहो, सुटकेचे 50 आधी इकडे."