डायोमिडीज साइड कॅरेक्टर नाहीये हो
ट्रॉयच्या युद्धावरची एक पोस्ट बरेच दिवस फिरतेय. त्यात म्हटलंय की ग्रीकांचा सगळ्यात मोठा योद्धा अकिलीस रुसून बसला आणि ग्रीकांकडे लढणारं कोणी उरलंच नाही, ग्रीक सेनानी डायोमिडीज वगैरे साइड कॅरेक्टर, त्याने केलं ते सगळं अथेना देवीच्या जिवावर, वर देवांवर हात उचलला म्हणजे उर्मट. मला हे अजिबात पटत नाही.

होमरच्या इलियड या महाकाव्यात अकिलीस पहिल्याच सर्गात बाजूला होतो आणि लढायला उतरतो ते थेट विसाव्यात, मग मधे लढत कोण होतं? इलियडचा पाचवा सर्ग जवळपास सगळा डायोमिडीजचा आहे, ट्रॉयच्या एनीअसला धोंडा घालून लोळवतो, प्रेमदेवता अफ्रोडाइटीच्या हाताला जखम करतो आणि शेवटी खुद्द युद्धदेव एरीसच्या पोटात भाला घालतो, तो एरीस असा ओरडतो की नऊ-दहा हजार माणसं एकदम ओरडल्यासारखं वाटावं. जहाजांचंच बघायचं तर अकिलीसची 50 आणि याच्या हाताखाली 80. आठव्या सर्गात ग्रीक मागे हटले हे खरंय, पण तिथे देवांचा राजा झ्यूस वरून वीज टाकत होता, आणि तेव्हासुद्धा अडकलेल्या म्हाताऱ्या नेस्टरला सोडवायला हाच गेला.

अथेनाची मदत होतीच, नाही कोण म्हणतंय. पण अकिलीस आणि ट्रॉयचा मुख्य योद्धा हेक्टर समोरासमोर आले तेव्हा हेक्टरला त्याच्या भावाचं रूप घेऊन फसवलं कोणी, अकिलीसचा चुकलेला भाला त्याला परत आणून दिला कोणी? अथेनानेच ना! मग तिथे अकिलीसचं क्रेडिट का नाही कापत?

आणि उर्मट तर मुळीच नाही. अफ्रोडाइटीवर वार करायची परवानगी अथेनाने आधीच दिलेली, एरीसच्या वेळी तर ती स्वतः त्याच्या रथात चढली होती. अपोलो देव आडवा आला तेव्हा एनीअससाठी तीनदा झेपावला हे मान्य, पण चौथ्यांदा अपोलोने दरडावलं तसा मागे सरला. चौथ्या सर्गात ग्रीकांचा सरसेनापती आगामेम्नॉन सगळ्यांसमोर टोचून बोलतो, बापाच्या पासंगालाही पुरत नाहीस म्हणतो, हा एक शब्द उलट बोलत नाही, उलट चिडलेल्या आपल्या साथीदाराला, स्थेनेलसलाच गप्प करतो. पुढे नवव्यात तोच आगामेम्नॉन घरी पळूया म्हणतो तेव्हा मात्र खणखणीत सांगतो की तू जा, बाकीचेही जाऊ देत, मी आणि स्थेनेलस लढू.

माझा सगळ्यात आवडता प्रसंग सहाव्यातला. ट्रॉयच्या बाजूने लढणारा ग्लॉकस समोर येतो, बोलता बोलता कळतं की त्याचे आजोबा आपल्या आजोबांकडे 20 दिवस पाहुणे होते, आणि आत्ताच देवांना घायाळ करून आलेला हा माणूस भर रणात भाला जमिनीत रोवतो आणि शत्रूचा हात हातात घेतो.