आधी नकाशा, मग खाण

फेब्रुवारी २०२३मध्ये जम्मूतल्या रियासीला लिथियम सापडल्याची बातमी आली आणि आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दिवाळी सुरू झाली. ५९ लाख टन! कुणी चीनची जिरवली, कुणी इलेक्ट्रिक गाड्या निम्म्या किमतीत आणल्या. आकडा जी-३ टप्प्यावरचा, म्हणजे प्राथमिक अंदाज होता, पण आनंदाच्या भरात टप्पे कोण बघतो? मार्च २०२४मध्ये पुरेसे पात्र बोलीदार न मिळाल्यामुळे लिलाव रद्द झाला, तेव्हा ग्रुप चिडीचूप.

मी कॅनडाच्या उत्तरेला, यलोनाइफमध्ये, भूगर्भीय नकाशांचं काम करते. इथे खनिजांची चर्चा कमी होते असं नाही, पण ती सुरू दुसऱ्या टोकाकडून होते. या उत्तरेचा प्रचंड मोठा भाग आधुनिक पद्धतीने कधी तपासलाच गेला नव्हता. म्हणून २००८मध्ये केंद्र सरकारने ‘जेम’ नावाचा कार्यक्रम काढला. तो २०२०पर्यंत, दोन टप्प्यांत चालला आणि त्यासाठी एकूण २० कोटी डॉलर मंजूर झाले. केंद्राचं सर्वेक्षण खातं, प्रदेशांची भूविज्ञान कार्यालयं आणि विद्यापीठं एकत्र राबली. दुसऱ्या टप्प्यात उत्तरेतल्याच लोकांचा सल्लागार गटही होता. एकही खाण काढायची नव्हती. नकाशे करायचे आणि सगळ्यांना फुकट द्यायचे, एवढंच.

हे काम दिसायला अगदी नीरस. बर्फ वितळल्यापासून परत पडेपर्यंत जेमतेम तीन महिने हातात. हेलिकॉप्टरने उतरायचं, डासांच्या ढगात उभं राहून हिमनदीने आणून टाकलेली माती दहा-पंधरा किलो पिशवीत भरायची, नोंद करायची, पुढे जायचं. प्रयोगशाळेत ती धुऊन-चाळून जड कण वेगळे काढतात आणि कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण चिमट्याने उचलतं. जांभळट लाल गार्नेट, हिरवा क्रोम डायोप्साइड. हिऱ्याच्या खडकाची ही माग लावणारी खूण. हिमनदी कुठून कुठे सरकली हे कळलं की कणांचा माग उलटा काढता येतो. चक फिप्की आणि स्टू ब्लुसन या भूवैज्ञानिकांनी शेकडो किलोमीटर असाच माग काढत १९९१मध्ये लॅक द ग्रा तलावाजवळ किंबरलाइट, म्हणजे हाच हिऱ्याचा खडक, गाठला. १९९८मध्ये तिथे एकाती ही कॅनडाची पहिली हिऱ्याची खाण सुरू झाली. पहिल्या पिशवीपासून पहिल्या हिऱ्यापर्यंत दीड दशकाच्या वर गेलं. रियासीकडून आपण वर्षभरात लिलावाची अपेक्षा ठेवली होती!

इथे सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. माझ्याच गावाच्या वेशीवर जायंट माइन आहे. सोनं काढून झालं, २००४मध्ये खाण बंद पडली आणि जमिनीखाली २ लाख ३७ हजार टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड हे विष उरलं. ते जिथल्या तिथे गोठवून ठेवण्याचं काम सरकारी पैशातून चालू आहे. सोनं काढताना येलोनाइव्ह्ज डेने लोकांना कुणी विचारलं नव्हतं. तेव्हाचा हा धडा इथल्या कायद्यांच्या मागे आहे.

म्हणूनच मेरी रिव्हरचं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. बॅफिन बेटावरच्या या लोखंडाच्या खाणीला उत्पादन वर्षाला ६० लाखांवरून १ कोटी २० लाख टनांवर न्यायचं होतं. चार वर्षं सुनावण्या चालल्या. नार्व्हाल देवमासे, कॅरिबू हरणं आणि त्यांच्यावर जगणारे इन्युइट शिकारी यांचं काय होईल, यावर कीस पडला. मे २०२२मध्ये नुनावुत या तिथल्या प्रदेशाच्या परीक्षण मंडळाने नकाराची शिफारस केली आणि नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्र्यांनी ती मानली. खाण चालूच आहे, वाढ मात्र अडली.

गडचिरोलीत २०२३मध्ये तोडगट्ट्याला माडिया गोंडांनी लोखंडाच्या खाणींविरुद्ध महिनोन्महिने ठिय्या दिला, तेव्हा त्याच ग्रुपवर त्यांना ‘विकासविरोधी’ ठरवायला दोन मिनिटं लागली. आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्यात १९९६पासून पूर्वेक्षणाआधी, म्हणजे खनिजाचा शोध घेण्याआधी, ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस सक्तीची आहे, पण फक्त वाळू-दगडासारख्या गौण खनिजांसाठी. लोखंड त्यात येत नाही. भरीला सप्टेंबर २०२५मध्ये केंद्राने लिथियमसारख्या क्रिटिकल खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतूनच सूट दिली. घाई आहे, हे मान्य. पण सुनावणी टाळून वाचवलेली दोन वर्षं पुढे कोर्टात आणि रस्त्यावर व्याजासकट फेडावी लागतात, हे गडचिरोलीतल्याच सुरजागडच्या लोखंड खाणीच्या इतिहासाकडे पाहून तरी कळायला हवं.

आपल्याकडे माणसं नाहीत असंही नाही. जीएसआय, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, १८५१ची, कॅनडाच्या सर्वेक्षणापेक्षा नऊच वर्षांनी धाकटी. डिसेंबर २०२३मध्ये सरकारने भूवैज्ञानिक माहितीचं राष्ट्रीय पोर्टलही खुलं केलं, चांगलं केलं. आता त्यातला गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्याचा नकाशा मराठी-माडियात छापून ग्रामसभेपुढे ठेवा, आणि तोही लिलावाची जाहिरात निघण्याआधी. खर्च एका हेलिकॉप्टर फेरीपेक्षा कमीच येईल.