डावा इंडिकेटर आणि इतर तज्ज्ञ

गाडीला जादा दिवे बसवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. ते पेटते ठेवणं हे वेगळं खातं, आणि त्याचा अंदाज दुकानात कोणी देत नाही.

आमची गाडी जुनी. तिचे हेडलाइट चालू आहेत की नाहीत हे पावसात समोरच्यालाच विचारावं लागतं. दरवर्षी गणपतीला गावी जायचं म्हणजे रात्री निघायचं, आणि पोलादपूर सोडून कशेडीला लागलं की पाऊस, धुकं आणि समोरून अप्पर मारत येणारे ट्रक, तिन्ही एकदम. तेव्हा मेहुणा म्हणाला, "भावोजी, पुढे फॉग लॅम्प टाकून घ्या. पिवळे. खर्चाकडे बघू नका." दुसऱ्याच्या खर्चाकडे बघण्याची सवय मेहुण्याला कधीच नव्हती.

आम्ही कुर्ल्याच्या नेहरूनगरात राहतो. पूर्वेहून पश्चिमेला गेलं की सीएसटी रोड. त्याचा स्टेशनाशी काही संबंध नाही. 1928 ते 1934 अशी जेमतेम सहा वर्षं ट्रॉम्बे ते अंधेरी एक रेल्वे धावत होती, सेंट्रल साल्सेट ट्रामवे नावाची; तिची आद्याक्षरं रस्त्याला चिकटून राहिली. गाडी गेली, रूळ गेले, आणि आता तिथे जगातल्या यच्चयावत मोटारींचे सुटे अवयव मिळतात. फॉग लॅम्प तर मिळणारच.

बसवणाऱ्याचा हात भलताच चालू होता. बंपरला भोकं, एक रिले, डॅशबोर्डला स्विच. वायर दाताने सोलायची, दुसऱ्या वायरला पीळ द्यायचा, वर काळी टेप. दोन्ही दिव्यांच्या काळ्या वायरी त्याने डाव्या हेडलाइटमागच्या एका बोल्टखाली, रंगावरच, दाबून टाकल्या. तिथे आधीच डाव्या इंडिकेटरची वायर येऊन बसली होती. मी म्हटलं, "ह्याच बोल्टवर सगळं?" तो म्हणाला, "बॉडी है ना साब. पूरी गाडी मायनस है." शास्त्र म्हणून हे शंभर टक्के बरोबर आहे. बॅटरीची मायनस केबल बॉडीला जोडलेली असते, त्यामुळे करंट परत न्यायला वेगळी वायर लागत नाही. फक्त बॉडीवर रंग असतो, आणि रंगातून करंट जात नाही. भर मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता दिवे पेटलेले दिसले म्हणून मी पैसे दिले. त्या उन्हात काडेपेटीची काडी पेटलेली दिसली असती तरी दिले असते.

जुलैत पाऊस नीट लागला आणि दिव्यांनी रंग दाखवायला सुरुवात केली. स्विच टाकला की दोन्ही दिवे पेटत, पण असे मलूल की रस्त्यावर उजेड पाडण्याऐवजी आपली हजेरी लावून मोकळे होत. आणि त्याच वेळी डावा इंडिकेटर, मी त्याला हातही न लावता, पुढे आणि मागे मंद तेवत राही. इंडिकेटर मुद्दाम दिला, तर त्याच्या प्रत्येक मिचकावण्यासरशी फॉग लॅम्प आणखी मान टाकत. उजवा इंडिकेटर मात्र सज्जन, त्याचा या प्रकरणाशी संबंध नव्हता. बायको म्हणाली, "डावीकडे वळायचंय असं गाडी स्वतःच ठरवते का आता?"

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडणं हे खाजगी कृत्य नाही. बॉनेटची दांडी लागायच्या आत माणसं जमतात. दुसऱ्या मजल्यावरचे बँकेतले साहेब म्हणाले, "बॅटरी." त्यांना कशाचंही कारण विचारा, ते बॅटरीच सांगतात, एकदा लिफ्ट अडकली तेव्हाही त्यांनी बॅटरीच म्हटलं होतं. सेक्रेटरींनी अल्टरनेटरवर संशय घेतला आणि पाठोपाठ, कॉमन मीटरवरून एक्स्टेंशन घेतलेलं नाही ना, याची खात्री करून घेतली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने ब्लूटूथ बंद करून बघा म्हणून सांगितलं. गाडीत ब्लूटूथ नाही हे कळल्यावर त्याचा आमच्यातला रस संपला. वॉचमन काहीच बोलला नाही. एवढ्या गर्दीत अभ्यासू माणूस मला तोच वाटला.

मेहुण्याचं म्हणणं एकच: फ्यूज मोठा टाका. आता 55 वॉटचे दोन दिवे म्हणजे 110 वॉट. 12 ने भागलं की 9 अँपिअरच्या वर जरासं. त्याला 15 चा निळा फ्यूज पुरतो, आणि तोच होता, आणि तो उडालेलाही नव्हता. तरी मेहुण्याला 30 चा हिरवा हवा होता. "जास्त असलेला काय वाईट?" फ्यूज हा वायरीच्या आधी मरण्यासाठी ठेवलेला असतो, दिव्याला ताकद यावी म्हणून नाही, हे मी समजावेपर्यंत त्याने सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढून तिची घडी घालायला घेतली होती. ती मी जप्त केली.

मग संशय रिलेवर. रिलेच्या बुडाला आकडे असतात: 30, 85, 86, 87. हे आकडे एका जर्मन मानकातून आलेत आणि कुर्ल्यातल्या पोरांना ते पाढ्यांपेक्षा पक्के पाठ असतात. 30 वर बॅटरीतून फ्यूजमार्गे आलेला करंट, 87 वरून तो दिव्यांकडे जातो. 85 आणि 86 मध्ये कॉइल. स्विच दाबला की तिथे किरकोळ करंट जातो, लोहचुंबक तयार होतो आणि आत 30 ला 87 चिकटतो. म्हणजे नाजूक स्विचमधून दिव्यांचा भार जात नाही. हे मनात पक्कं करायला मी गाडीला टेकून पुटपुटत होतो, "तीस... पंच्याऐंशी... शहाऐंशी..." तेव्हा अभ्यासू वॉचमन जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "साहेब, कल्याणचे का वरळीचे?"

रिले मात्र टिक म्हणायचा. स्विच दाबला, टिक. "बघा, रिले ओके," असं जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं. टिक एवढंच सांगते की कॉइल जिवंत आहे. आतले पॉइंट काळे पडले असले तरी रिले तितक्याच उत्साहाने टिक करतो. म्हणून हॉर्नचा रिले काढून इथे लावला आणि इथला हॉर्नला. दोन्ही एकाच जातीचे असले की ही अदलाबदल फुकटात होते आणि निकाल लगेच लागतो. हॉर्न झकास वाजला. दिवे होते तसेच.

बसवणाऱ्याकडे गाडी नेली. वाटेत एलबीएस मार्गाचे खड्डे आहेत. त्या खड्ड्यांत बोल्टखाली काय हललं कोण जाणे, त्याच्या दारात पोचल्यावर दिवे लख्ख. इंडिकेटर चिडीचूप. त्याने दिव्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्या नजरेत जी दया होती ती मी डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये ताप अचानक उतरलेल्या लोकांच्या वाट्याला आलेली पाहिली आहे. सोसायटीच्या गेटात शिरेपर्यंत दिवे पुन्हा मलूल.

शेवटी लॅमिंग्टन रोडला जाऊन मल्टिमीटर आणला. (पाटीवर तो डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण भडकमकर मार्गावर मीटर मिळतो असं म्हणताना मी कोणाला ऐकलेलं नाही.) डिजिटल मीटर हातात आला की माणसाचा आवाज बदलतो. मी दिव्याचं कनेक्टर काढलं, वायरीच्या दोन टोकांना प्रोब लावले. 12.4. बॅटरीवर लावले. 12.4. मग दिवा काढून वायरीने थेट बॅटरीवर लावला तर अख्खं पार्किंग पिवळं झालं. म्हणजे दिवा उत्तम, करंट पोचतोय पुरेपूर, आणि दोघांना एकत्र आणलं की अंधार. असे विवाह माझ्या पाहण्यात आहेत, पण त्यात मीटर लावायची सोय नसते.

याच वेळी तळमजल्यावरचे काका बाहेर आले. काका एसटीत इलेक्ट्रिशियन होते आणि डेपोतूनच रिटायर झाले. ते इतके दिवस खिडकीतून सगळं बघत होते. बोलावल्याशिवाय न येणारा आमच्या सोसायटीतला हा एकमेव माणूस. बोलावलं मी आताही नव्हतं, पण अख्खं पार्किंग पिवळं झालं ते त्यांच्या जेवणाच्या ताटावर.

"किती व्होल्ट?" काका म्हणाले.

"बारा पॉइंट चार."

"आमच्या गाड्या चोवीसच्या," काका म्हणाले. बाराच्या गाडीवर हात चालवणं म्हणजे रिटायरमेंटनंतरची उतरण, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "दिवा काढून मोजलंत ना? मग बाराच येणार. मीटर करंट ओढतो कुठे? रस्ता केवढाही अरुंद असो, एकटा माणूस आरामात जातो. दिवा जोडा. पेटवा. आता लाल प्रोब दिव्याच्या काळ्या वायरीवर आणि काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर."

"दोन्ही मायनस? तिथे काय येणार?"

"काही नाही यायला पाहिजे. बघा."

मीटरवर 4.9 आले. जिथे शून्याच्या आसपास काहीतरी दिसायचं तिथे जवळजवळ पाच व्होल्ट. जमलेल्यांपैकी कोणी काही बोललं नाही. बँकेतले साहेबसुद्धा बॅटरी म्हणाले नाहीत.

"तुम्ही सगळे करंट येतो कुठून तेवढंच बघताय," काका म्हणाले. "गणपतीला जायला सगळ्यांना गाडी मिळते हो. रडारड असते परतीच्या रिझर्व्हेशनला." मग मेहुण्याकडे वळून, अगदी प्रेमाने, "तुम्ही जरा त्या डाव्या बोल्टवर बोट ठेवा."

मेहुण्याने ठेवलं, आणि जे शब्द उच्चारले ते ऐकून वॉचमनने दुसरीकडे बघितलं. बोल्ट चांगलाच तापला होता. पाच व्होल्ट तिथे अडलेत, पाचेक अँपिअर त्यातून रेटून जातायत, म्हणजे 25 वॉटची उष्णता एका गंजक्या बोल्टवर. सोल्डरिंगचं आयर्न 25 वॉटचंच मिळतं.

इंडिकेटरचं कोडंही तिथेच सुटलं. त्या बोल्टवरून बॅटरीकडे परतायची वाट गंजाने आणि रंगाने जवळपास बुजलेली. मग करंटातला थोडासा त्याच बोल्टवर बसलेल्या डाव्या इंडिकेटरच्या वायरीतून उलटा शिरत होता, पुढच्या बल्बमधून मागच्या बल्बमध्ये जाऊन तिथल्या धड अर्थिंगवर उतरत होता आणि जाता जाता दोन्ही बल्ब मिणमिणत ठेवत होता. इंडिकेटर खरोखर दिला की त्याचाही भार त्याच बोल्टवर, म्हणून फॉग लॅम्प मान टाकायचे. मला हे इतकं आवडलं की दिवे दुरुस्त करूच नयेत असं क्षणभर वाटलं.

दुरुस्ती सांगण्यासारखी नाही. बोल्ट काढला तर खाली हिरवट-तांबूस भुकटी आणि वायरीचे काळे पडलेले केस, त्यातले निम्मे हाताला तुटून आले. काकांनी पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरींना नवे थिंबल दाबले, फॉग लॅम्पच्या अर्थिंगला जाड वायर घेऊन ती सरळ बॅटरीच्या मायनसवर नेली आणि जोडावर व्हॅसलिन फासलं. "खारी हवा आहे मुंबईची," एवढंच म्हणाले. मीटरवर 0.1. दिवे असे पेटले की सेक्रेटरी दोन पावलं मागे सरले. मेहुणा बोट फुंकत म्हणाला, "मी म्हटलंच होतं, वायर जाड पाहिजे."

पण काकांचं समाधान नव्हतं. त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवर दिव्यांच्या उंचीला खडूने आडवी रेघ मारली, गाडी मागे घ्यायला लावली आणि उजेड रेघेच्या खाली उतरेपर्यंत ब्रॅकेट पान्याने वाकवायला लावले. "रस्ता बघायचाय. समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडात काय दिसतं ते नाही बघायचंय." एसटीच्या किती ड्रायव्हरांच्या शिव्या त्या वाक्यात साठलेल्या होत्या कोण जाणे.

मी संकोचून विचारलं, "काका, तुमचं काय द्यायचं?"

"पैसे कसले देता," काका म्हणाले. पान्यावरचं ग्रीस फडक्याला पुसलं, फडकं घडी करून खिशात घातलं. "खेडच्या भरणे नाक्यापर्यंत दोन सीट ठेवा. मी आणि ही. सामान फारसं नाही, मखर तेवढं आहे. आणि परतीच्याही दोन आत्ताच धरून ठेवा."

मेहुण्याला मी त्याच रात्री एसटीचं तिकीट बघायला सांगितलं. जातानाचं मिळालं.