तुम्ही तर घरीच असता ना!

पाळणाघर चालवायला काय लागतं असं कुणी विचारलं, की मी सांगते, एका मांडीवर तिघांना बसवता यायला हवं. ते जमतं. सवयीने सगळं जमतं. एकाची शी, दुसऱ्याची उलटी आणि तिसऱ्याची नुसतीच 'मला पण झाली' ही थाप, हे सगळं एकाच मिनिटात निभावून नेण्याइतकी माझी तयारी झालेली आहे. एकच गोष्ट काही केल्या जमत नाही. 'सार्वजनिक सुट्टीच्या दिवसाचेही पैसे लागतील' हे वाक्य मोठ्या माणसाच्या तोंडावर, घसा न खाकरता म्हणणं.

चावणाऱ्या मुलाला मी भीत नाही, हिशेब घेऊन येणाऱ्या बापाला भिते. मूल चावणार असेल तर आधी तोंड उघडतं, त्यामुळे सावध होता येतं. बाप आधी हसतो.

एरवी मी सगळ्यांची 'मावशी'. 'मावशी, आज जरा लवकर झोपवा.' 'मावशी, रात्री कणकण होती, लक्ष असू द्या हं.' महिन्याचा पहिला आठवडा आला की मी एकाएकी 'मॅडम' होते. 'मॅडम, गेल्या महिन्यात तुमच्या दोन सुट्ट्या झाल्या, तेवढे वजा करून पाठवलेत.' तुमच्या सुट्ट्या! सरकारने सुट्टी जाहीर करण्याआधी मला फोन करून विचारलं असणार, मावशी, कधीची टाकू? बरं, त्या दोन्ही दिवशी या गृहस्थांचं ऑफिसही बंद होतं आणि पगारातून एक पैसा कापला गेलेला नव्हता. हे मला कसं ठाऊक? त्यांची साडेतीन वर्षांची मुलगी माझ्याकडे असते. कुणाच्या घरी काय चाललंय, हे पाळणाघरात पहिल्या तासाभरात कळतं.

मुळात फी कशाची असते, यावरच सगळं अडतं. आईबापांना वाटतं, मूल आलं त्या दिवसाची. म्हणजे मी रोजंदारीवर, आणि मूल हे माझं हजेरीपत्रक. मी म्हणते, फी जागेची असते. कितीतरी देशांत कायद्यानेच ठरवून दिलेलं आहे, एका मोठ्या माणसामागे किती मुलं ठेवता येतील. मूल जितकं लहान तितकी संख्या कमी. जिथे तसा नियम नाही तिथे देवाने दिलेले दोन हात तो नियम लावतातच. त्यामुळे माझ्याकडे जागा मोजक्या. एक जागा एका मुलाला दिली की ती वर्षभर त्याची, आणि जे दुसरं मूल मी त्यासाठी परत पाठवलं ते दुसरीकडे जाऊन रुळलंसुद्धा. आता सुट्टीच्या एका दिवसापुरती ती जागा मी कुणाला देऊ? 'उद्या एक पाळणा रिकामा आहे, गरजूंनी मूल घेऊन यावे' अशी पाटी लावली तरी येणार कोण? सगळ्यांचीच सुट्टी असते. माझा माल ज्या दिवशी विकला जात नाही, त्याच दिवशी तो कुणालाच नको असतो. असा धंदा शत्रूवरही येऊ नये.

आणखी एक. वर्षात सात महिने ३१ दिवसांचे असतात. त्या ३१ तारखेचे जादा पैसे आजवर एकाही पालकाने आणून दिलेले नाहीत. फेब्रुवारीत तीन दिवस कमी भरतात, तेव्हा मात्र माना थोड्याशा वळवळतात.

माझ्याकडच्या पालकांत एक एक्सेलवाले बाबा आहेत. त्यांच्या मुलाच्या झोपेचाही तक्ता आहे. त्यांनी एकदा मला दर दिवसाचा भाव काढून दाखवला आणि म्हणाले, 'मॅडम, भावनेचा प्रश्नच नाही, हा आकड्यांचा प्रश्न आहे.' म्हटलं ठीक, आकडे तर आकडे. कागद घेतला. ५२ आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, झाले २६०. त्यातल्या दहा दिवशी सार्वजनिक सुट्टी आली असं धरू, राहिले २५०. मला घर चालवायला वर्षाला जे लागतं ते काही सुट्ट्या बघून कमी होत नाही. घरमालक, विजेचं बिल आणि मुलांनी भिंतीवर काढलेली चित्रं पुसायचा रंगारी, यांपैकी कुणीही मला सुट्टीची सूट देत नाही. म्हणजे तीच रक्कम २६० ऐवजी २५० दिवसांत वसूल करायची तर रोजचा दर चार टक्क्यांनी वाढवायचा. वर्षाअखेर तुमच्या खिशातून तेवढेच जाणार. फरक इतकाच, की ज्या महिन्यात सुट्ट्या जास्त त्यात मला चणचण आणि ज्यात एकही नाही त्यात तुम्हाला.

त्यांनी तो कागद बराच वेळ बघितला. मग म्हणाले, 'गणित बरोबर आहे.' मला वाटलं जिंकलो. तर पुढे, 'पण मग दर न वाढवताच दहा दिवस वजा केले तर?' गणितात हरलेला माणूस इतक्या प्रसन्न चेहऱ्याने मी कधी पाहिला नव्हता.

खरं दुखणं पैशांचं नाहीच. ते आहे 'तुम्ही तर घरीच असता ना' या वाक्यात. हे वाक्य मी इतक्या सुरांत ऐकलंय की त्यावर राग बांधता येईल. दुकानाला शटर असतं. बँकेला कुलूप असतं. ऑफिसला वॉचमन असतो, आणि तो 'आज बंद' हे दोन शब्द ज्या तुच्छतेने म्हणतो त्याचा मला मनापासून हेवा वाटतो. माझ्या पाळणाघराला एकच दार, आणि त्या दारातून मीच आतबाहेर करताना दिसते. दिसते म्हणजे उघडी आहे!

सुट्टीच्या दिवशी सकाळी बेल वाजते. दारात आई, कडेवर बाळ, खांद्याला ती ओळखीची पिशवी. मी पिशवीकडेच बघते. पिशवी नसेल तर ते सहज आलेले असतात. पिशवी असेल तर संपलं. 'मावशी, फक्त दोन तास. याला सांभाळून कामं होतच नाहीत हो.' (याला सांभाळून कामं होत नाहीत, हा शोध त्यांना सुट्टीच्याच दिवशी लागतो. रोज ते मूल असतं कुठे, हा विचार शिवत नाही.) 'आज सुट्टी आहे ना', मी चाचरत म्हणते. 'हो ना, म्हणून तर आले. आज इतर मुलं नाहीत, तुम्हाला जरा मोकळं असेल.'

आता यातला तर्क नीट बघा. पाळणाघर बंद होतं म्हणून या दिवसाचे पैसे कापायचे, आणि कापलेल्या दिवशी मूल आणून सोडायचं, कारण मी घरीच आहे. कोर्टात नामांकित वकिलालाही हे एका दमात मांडता येणार नाही. बाळाच्या आईला येतं, कारण तेवढ्यात बाळ माझ्याकडे झेपावलेलं असतं आणि मी त्याला घेतलेलं असतं. हात आपोआप पुढे जातात. या हातांचं काय करावं कळत नाही.

आणि सुट्टीत मी करते तरी काय? रोज जे करता येत नाही ते. चादरी, दुपटी, उशांचे अभ्रे भिजवते. ठोकळे धुते, एकेक. कापडी अस्वलाला अंघोळ घालून कानाला चिमटे लावून दोरीवर टांगते. सोफा सरकवते आणि त्याखालून निघालेल्या वस्तूंची ओळख पटवते. काही वस्तूंची पटत नाही, त्या मी वाकून न बघता केरात लोटते. ही माझी भरपगारी ऐश, आणि तिचे पैसे मागताना मला संकोच होतो.

मग एकदा चिडून मी वाचायला बसले. संयुक्त राष्ट्रांनी १९४८ साली मानवी हक्कांचा जाहीरनामा केला. त्याच्या चोविसाव्या कलमात लिहिलंय की प्रत्येकाला विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क आहे, कामाच्या तासांना वाजवी मर्यादा आणि ठरावीक काळाने भरपगारी सुट्टी धरून. प्रत्येकाला! मी उठून आरशात बघून आले, बसते मी प्रत्येकात. पुढे १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने भरपगारी रजेचा एक करार केला, क्रमांक १३२. त्यात वर्षाला किमान तीन आठवडे रजा सांगितली आहे, आणि सार्वजनिक सुट्ट्या त्या तीन आठवड्यांत मोजायच्या नाहीत, त्या वेगळ्या, असंही बजावलंय. मी हरखून गेले. मग कळलं, हा करार नोकरदारांसाठी, तेही खलाशी वगळून. खलाशांना निदान वगळायला तरी कुणाला आठवलं. घरात पाळणाघर काढून बसलेली बाई कुणाची नोकरच नाही. माझी मालकीण मीच. आणि ती बाई काय चिक्कू आहे हे मला विचारा. मला बरं नसलं तरी ती म्हणते, बघ बाई, जमतंय का ते.

एक्सेलवाल्यांना हे सगळं सुनावता येतं, एका पालकापुढे मात्र माझी बोलती बंद झाली. तिचं काम रोजावर. सुट्टी म्हणजे तिच्या हातात त्या दिवशी शून्य. ती भांडली नाही, नुसतं म्हणाली, 'मावशी, माझा आजचा दिवस कुणी भरत नाही, आणि तुमचा मी भरायचा?' यावर जाहीरनाम्यात काही सापडेना. तिच्यासाठी दिवसावर हिशेब लावला: येईल त्या दिवसाचे पैसे, दर थोडा चढा, पण जागेची हमी नाही. काही आठवडे गेले. एके दिवशी ती आली तेव्हा माझ्याकडे सगळ्या जागा भरलेल्या होत्या आणि तिला मुलाला घेऊन परतावं लागलं. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, महिन्याचंच करू. मी फी थोडी उतरवली आणि तो विषय तिथेच सोडला. तिचा प्रश्न अजून तसाच उभा आहे, माझ्याकडे त्याचं उत्तर नाही आणि मी ते शोधून देईन असा आवही आणत नाही.

बाकीच्यांसाठी मी शेवटी कागद केला. वर्षाच्या सुरुवातीलाच सुट्ट्यांची यादी, आणि त्या दिवसांची फी धरलेली. मूल आजारी पडलं, मामाकडे गेलं, तरी फी लागू, कारण जागा त्याचीच. मी आजारी पडले किंवा माझ्या नणंदेच्या घरचं काही निघालं, तर मात्र ते दिवस वजा. काही पाळणाघरवाल्या स्वतःच्या महिनाभराच्या सहलीचेही पैसे घेतात. ते मला पटत नाही, आपला हट्ट आपल्या खर्चाने करावा. दवाखान्यात काम करणाऱ्या आईला सुट्टीच्या दिवशीही मूल ठेवायचं असेल तर आधी सांगायचं, मी ठेवीन, त्याचे पैसे वेगळे. दोन तासांचे सुद्धा. पिशवी बघून मी यापुढे विरघळणार नाही, हे कागदावर लिहिलेलं नाही, मनात लिहिलंय.

कागद सगळ्यांना आवडला असं नाही. एकीने 'हल्ली सगळंच कमर्शियल झालंय' असा निःश्वास सोडला. ती स्वतः बँकेत आहे. एक जण म्हणाले, सुट्टी रविवारी आली तर त्याची भरपाई? म्हटलं, ती तुमचीही बुडाली आणि माझीही, आपण दोघं मिळून वर तक्रार करू.

एक्सेलवाले बाबा बायकोसह आले. त्यांनी कागद दोनदा वाचला, पेन काढलं आणि मी श्वास धरून उभी. 'मॅडम, यात एक मोठी त्रुटी आहे', ते म्हणाले. 'मूल न्यायला पालक उशिरा आले, तर दर अर्ध्या तासाला किती, हे कुठेच नाही. हे तुम्ही घ्यायलाच हवं. तुमचं नुकसान होतं.' मला खरंच सुचलं नव्हतं. मी लगेच लिहून घेतलं, दरही त्यांनीच सुचवला, चांगला घसघशीत. त्यांची बायको इतका वेळ गप्प होती. ती हळूच म्हणाली, 'अहो, संध्याकाळी त्याला न्यायला कोण येतं?'