चहाच्या स्पेलिंगमध्ये कुठलाही फुल फॉर्म लपलेला नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या ‘रोजच्या इंग्रजी शब्दांचे फुल फॉर्म’ नावाची एक यादी फिरते आहे. तिच्यात ईट म्हणजे ‘एनर्जी अँड टेस्ट’, टी म्हणजे ‘टेस्ट अँड एनर्जी अ‍ॅडमिटेड’, कोल्ड म्हणजे ‘क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह लंग डिसीज’, आणि असंच न्यूजपेपर, चेस, पेन, जोक, एम, डेट, स्माइल, बाय. खाली सिद्धांतही दिलाय: ज्या इंग्रजी शब्दांची अक्षरं तीच, त्यांचा अर्थही आतून एकच असतो, बघा, लिसन आणि सायलेंट. वडीलधाऱ्यांच्या सुप्रभात ग्रुपवर हे पडून राहिलं असतं तर लिहायची गरज नव्हती. पण आता ते पुतणीच्या मराठी माध्यमाच्या वर्गाच्या ग्रुपवर ‘पाठ करून या’ अशा सूचनेसह आलंय. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा एकदम सांभाळणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हे खोटं ओझं कशाला?

सुरुवात ईट आणि टीपासूनच करू, कारण तीच अक्षरं असलेली यादीतली जोडी हीच.

ई, ए, टी ही तीन अक्षरं फिरवली की इंग्रजीत किमान पाच गोष्टी तयार होतात. ई-ए-टी म्हणजे खाणं. टी-ई-ए म्हणजे चहा. ए-टी-ई म्हणजे खाल्लं. ई-टी-ए असं सुटं वाचलं तर ‘एस्टिमेटेड टाइम ऑफ अरायव्हल’, म्हणजे गाडी पोचायची अंदाजे वेळ. आणि तेच ई-टी-ए जोडून वाचलं तर ईटा, ग्रीक वर्णमालेतलं सातवं अक्षर. अक्षरं एक म्हणून अर्थ एक, असं असेल तर चहा, गाडीची वेळ आणि ग्रीक अक्षर यांना जोडणारा अर्थ सांगा. तो नाही. मराठीत मका आणि काम यांची अक्षरं तीच आहेत, म्हणून त्यांचं नातं कुणी जोडत नाही.

टी हा शब्द चीनच्या फूजियन किनाऱ्यावरच्या बोलीतला ‘ते’. तिथून डच व्यापाऱ्यांनी तो युरोपात नेला आणि इंग्रजांनी त्यांच्याकडून उचलला. चीनच्या इतर भागांत याच पेयाला ‘चा’ म्हणतात. आपल्याकडे मराठीत आणि या भागातल्या कन्नडमध्येही जो ‘चहा’ आहे तो त्या बाजूचा. म्हणजे टी हा परदेशी नावाचा इंग्रजी कानाला ऐकू आलेला उच्चार आहे. लंडनच्या सॅम्युअल पीप्सने १६६० साली आपल्या रोजनिशीत पहिल्यांदा चहा प्यायल्याची नोंद केली, तेव्हा त्याने स्पेलिंग टी-ई-ई असं केलं. त्यात ‘ए’ नाहीच. मग ‘अ‍ॅडमिटेड’ कशातून आलं? स्पेलिंग पुढे बदललं आणि स्थिरावलं. फुल फॉर्म आधी ठरवून कुणी शब्द बनवला असता तर असं झालं नसतं.

ईटची कथा तर आपल्या घरातली आहे. जुन्या इंग्रजीत तो ‘एतान’ होता आणि त्याचं मूळ तेच, ज्यातून संस्कृतातला अद् धातू आला. अत्ति म्हणजे खातो, आणि अद् वरूनच अन्न. ईट आणि अन्न हे एका कुळातले शब्द आहेत, ईट आणि टी नाहीत. ईट आणि एट यांचं नातं मात्र खरं आहे, एवढं मान्य करावं लागतं. पण ते अक्षरांमुळे नाही. सिंग-सँग, ड्रिंक-ड्रँकमध्ये भूतकाळ करताना जसा आतला स्वर बदलतो तसाच तो इथे बदलतो.

आता कोल्ड. यादीतली सगळ्यात घातक ओळ हीच.

यात अर्धसत्य आहे, तेही सांगतो. फुप्फुसाच्या त्या आजारासाठी डॉक्टर पूर्वी सी-ओ-एल-डी असं संक्षिप्त रूप वापरत, आणि त्यावर काम करणाऱ्या जागतिक उपक्रमाच्या नावात आजही ते चार शब्द आहेत. आता प्रचलित नाव सीओपीडी. पण सर्दीला किंवा थंडीला कोल्ड म्हणतात ते त्यावरून नव्हे. कोल्ड हा जर्मन ‘काल्ट’चा भाऊबंद असलेला हजार वर्षांहून जुना शब्द आहे, तो आजार ओळखण्याच्या कितीतरी आधीचा.

सर्दी विषाणूंमुळे होते, सगळ्यात जास्त वेळा ऱ्हायनोव्हायरसमुळे, आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत जाते. सीओपीडीत श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. कारणं म्हणजे बिडी-सिगारेटचा धूर, चुलीचा धूर, कामाच्या जागची वर्षानुवर्षं श्वासात जाणारी धूळ. ज्या पट्ट्यात तंबाखूच्या वखारी आहेत आणि घरोघरी बिड्या वळल्या जातात, तिथे ‘कोल्ड म्हणजेच तो आजार’ असं पसरवणं दोन्ही बाजूंनी नडतं. नाक गळणाऱ्या मुलाची आई उगाच धास्तावते. आणि महिनोन्‌महिने खोकणारा, कफ पडणारा, जिना चढताना धापा टाकणारा माणूस ‘कोल्डच आहे, जाईल’ म्हणून घरी बसतो.

याचं निदान स्पायरोमेट्रीने होतं. आधी श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देतात. मग पूर्ण श्वास भरून घ्यायचा, नळीत एकदम जोराने सोडायचा आणि किमान सहा सेकंद सोडत राहायचा. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी भरली, तर डॉक्टर त्या आजाराकडे बघतात. फुंकर अर्ध्यात थांबली तर एकूण हवा कमी मोजली जाते, भागाकार खोटा चांगला दिसतो आणि आजार निसटतो. ज्यांनी ही यादी पुढे पाठवली आहे, त्यांनी निदान कोल्डची ओळ चूक असल्याचं त्याच ग्रुपवर लिहावं.

बाकीचे शब्द पटापट घेऊ. यादीत न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. पण न्यूज म्हणजे चार दिशा नव्हेत. ‘न्यू’चं अनेकवचन, नव्या गोष्टी. जुनं स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस होतं, त्यात दोन ‘ई’ आणि पूर्व दिशा एकच. चेसच्या अक्षरांत यादीने रथ (चॅरियट), घोडा (हॉर्स), हत्ती (एलिफंट), सैनिक (सोल्जर) दाखवलेत. हा खेळ आपल्या चतुरंगातून आला आणि चतुरंगाची अंगं तीच, हे खरं. पण चेस हा शब्द फारसी ‘शाह’वरून अरबी आणि फ्रेंच मार्गाने इंग्रजीत गेला, आपण बुद्धिबळात ‘शह’ देतो तो हाच. शिवाय यादीतल्या चार सोंगट्यांना पाच अक्षरं पुरवताना एक ‘एस’ उरतो. यादीत बाय म्हणजे ‘बी विथ यू एव्हरीटाइम’. त्यातही थोडं तथ्य आहे: ‘गॉड बी विथ यी’ घासत घासत गुडबाय झालं आणि त्याचं शेपूट बाय. ‘एव्हरीटाइम’ मात्र कुणीतरी पदरचं घातलंय. पेन लॅटिन ‘पेन्ना’, म्हणजे पीस. जोक लॅटिन ‘योकुस’. स्माइल तर आपल्या ‘स्मित’च्या कुळातला. एम (ए-आय-एम, म्हणजे ध्येय) हा ‘एस्टिमेट’चा सख्खा भाऊ, दोघंही लॅटिन ‘एस्तिमारे’तून आले, म्हणजे अंदाज बांधणं.

डेटपाशी थोडं थांबायला हवं, कारण अक्षरांचा सिद्धांत इथे पुरता कोसळतो. तारीख या अर्थाचा डेट लॅटिन ‘दाता’वरून, म्हणजे ‘दिलेलं’. पत्रावर ते अमुक दिवशी दिलं असं लिहायची पद्धत होती. संस्कृतातला ‘दत्त’ त्याचा नातलग. खजूर या अर्थाचा डेट ग्रीक ‘दाक्तुलोस’वरून, म्हणजे बोट. चारही अक्षरं त्याच क्रमाने, उच्चारही तोच, आणि मुळं दोन वेगळ्या भाषांत. क्रम तोच असूनही अर्थ जुळत नाही, मग क्रम बदलल्यावर कसा जुळणार?

लिसन-सायलेंटची जोडी भाषणांत फार चालते. लिसन जुन्या इंग्रजीत ‘ह्लिस्नान’ होता, त्यात ‘टी’ नव्हता. तो नंतर घुसला आणि आजही बोलला जात नाही. सायलेंट लॅटिन. त्याच सहा अक्षरांतून एनलिस्ट होतो, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात होते तशी सैन्यभरती, आणि टिन्सेलही होतो, म्हणजे चकचकीत जरतार. त्यांना कुठल्या सुविचारात बसवणार?

आद्याक्षरांतून शब्द बनतात, पण ती सवय मुख्यतः विसाव्या शतकातली: रडार, सोनार, लेझर. आपल्याकडे पिन कोडमधला पिन म्हणजे ‘पोस्टल इंडेक्स नंबर’, १९७२ पासून; बेळगावचा ५९०००१. टाचणी या अर्थाचा पिन मात्र जुना आणि वेगळा. म्हणून शब्द त्या काळाच्या आधीचा असेल तर फुल फॉर्म जवळपास नक्की खोटा. मेरियम-वेब्स्टर या इंग्रजी शब्दकोशाच्या फुकट संकेतस्थळावर शब्द टाकून खाली गेलं की मूळ आणि पहिल्या वापराचा काळ दिसतो. जुनी स्पेलिंगं तारीखवार बघायची तर ऑक्सफर्डचा मोठा कोश. वर दिलेल्या बहुतेक व्युत्पत्ती तिथे सापडतील.

मुलांना ई-ए-टी आणि टी-ई-ए यांत गोंधळ होतो तो ‘ई-ए’ ही जोडी सुटी वाचल्यामुळे. मग ए-ई-टी किंवा टी-ए-ई लिहिलं जातं. ती जोडी एकत्र धरून बहुतेक वेळा ‘ई’ वाचायची, हे आधी पक्कं करावं: ईट, टी, सी, सीट, मीट, मील, रीड. एका ओळीत लिहून मोठ्याने वाचून घ्यावेत. एट हा ‘ईटचा भूतकाळ’ म्हणून वेगळ्या रकान्यात, सिंग-सँगच्या शेजारी. ब्रेड, हेड, ग्रेट, ब्रेक यांत तीच जोडी वेगळी बोलली जाते. ते चार दुसऱ्या दिवशी घ्यावेत, पहिल्या ओळीत मिसळू नयेत.