‘एक हितचिंतक’ यांस: पुंगळीच्या कानातल्यांबद्दल

नमस्कार.

बंदुकीच्या झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांपासून कानातली कशी करायची, या माझ्या लेखाखाली ‘एक हितचिंतक’ या नावानं एक प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देते:

“ताई, जरा वाचत जा, मग लिहीत जा. ज्या वस्तूनं माणसाचा जीव जातो ती कानात लटकवण्यात कसली आलीय कला? घरी बसून वेळ जात नसला की असले उद्योग सुचतात. या पुंगळ्यांत शिसं असतं हे माहीत तरी आहे का? फोटोत हातात मोजेसुद्धा नाहीत. त्या बाळगणं गुन्हा आहे. साज आणि ठुशी देणाऱ्या कोल्हापूरचं नाव तरी राखा. आणि विकत असाल तर धन्य आहे तुमची.”

उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते. वेळ जात नसलेली बाई आहे मी, तेव्हा वेळ भरपूर.

टीका मला नवी नाही. आमच्या पेठेत तर माणूस तोंडावर दोन शिव्या घालतो आणि मग स्वतःच मिसळ खायला घेऊन जातो. त्याचं काही वाटत नाही. तुमची तऱ्हा वेगळी. आधी ‘ताई’ म्हणायचं आणि पुढच्याच शब्दाला त्या ताईला पहिलीच्या बाकावर नेऊन बसवायचं. वर स्वतःचं नाव द्यायचं नाही. हितचिंतक माणसाला नाव सांगायला भीती का वाटावी? मी लेख माझ्या नावानं लिहिते, फोटो माझ्या हातांचा टाकते, आणि तुम्ही पडद्याआडून ‘वाचत जा’ म्हणता. चला, काय वाचलंय ते सांगते.

वडील गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, कारागीर होते. पेढीचे मालक नव्हेत, दुसऱ्याच्या पेढीसाठी मजुरीवर काम करणारे. आमच्या घरात ऐरण, सांडशी, फुंकणी, जंत्री, टाकणखाराची वाटी या वस्तू पोळपाट-लाटण्याच्या बरोबरीनं नांदायच्या. शाळेतून आले की जंत्रीतून तार ओढायला मला दुसऱ्या टोकाला धरायचे. डाग (सांधा जोडणारा धातू) कधी धरतो आणि कधी पळतो, पितळाला ताव (तापवून मऊ करणं) कमी बसला की चीर कुठे जाते, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, खरंय. वडिलांची बोलणी खाऊन शिकले आहे. माझं आजोळ शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी. त्या गावाला हे नाव का पडलं ते तुम्ही शोधा, तुमचं वाचन दांडगं आहे. तिथं फौजेत कुणीच गेलेलं नाही असं घर शोधत फिरावं लागतं. आजोबा दुसऱ्या महायुद्धातून परत आले तेव्हा तोफगोळ्याच्या पितळी बुडापासून केलेलं एक रक्षापात्र घेऊन आले. आजोबा तंबाखू खायचे, बिडी ओढायचे नाहीत, म्हणून आजीनं त्यात सुपारी ठेवली. आणि हे काही आमच्याच आजोबांचं खूळ नव्हे. पहिल्या महायुद्धात खंदकांत अडकलेल्या सैनिकांनी तोफगोळ्यांच्या रिकाम्या पितळी नळकांड्यांवर पानंफुलं ठोकून फुलदाण्या केल्या, त्या आज युरोपातल्या संग्रहालयांत काचेमागे ठेवलेल्या आहेत. घरी बसून वेळ न जाणारे लोक, दुसरं काय!

कॉलेजात मी एनसीसीला होते. पॉइंट टू टू (.22 इंच व्यासाच्या गोळीची) रायफल छातीशी घेऊन जमिनीवर पडून नेम धरलेला आहे. फायरिंग संपलं की हवालदारसाहेब पुंगळ्या मोजून घ्यायचे, आणि एक कमी भरली तर आम्ही सगळ्या पोरी गवतात गुडघ्यांवर. तेव्हा पुंगळी म्हणजे काय आणि ती कुणाची असते, हे तुम्ही मला शिकवावं अशी परिस्थिती नाही.

आता तुमचं ते मुख्य वाक्य. ज्या वस्तूनं माणसाचा जीव जातो. साहेब, पुंगळीनं कुणाचा जीव जात नाही. काडतुसात पुढे शिशाची गोळी असते, मागे दारू आणि ती पेटवणारा मसाला, आणि हे सगळं धरून ठेवणारी पितळेची पुंगळी. घोडा दाबला की गोळी जाते लक्ष्याकडे. पुंगळी बंदुकीतच राहते आणि बोल्ट मागे ओढला की नेमबाजाच्या शेजारी येऊन पडते. गरम, काळी पडलेली, रिकामी. तिचं काम तिथं संपलं.

आणि माझ्याकडच्या पुंगळ्या कुठल्या? हे लेखात लिहिलं होतं, पण तुम्ही फोटो बघून खाली आलात असं दिसतं. ओळखीतला एक परवानाधारक नेमबाज आहे, त्याच्या सरावातल्या आहेत. 50 मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात गुडघ्यावर 20, पडून 20 आणि उभं राहून 20 अशा 60 गोळ्या पात्रता फेरीतच झाडायच्या असतात, सरावाच्या वेगळ्या. पॉइंट टू टूचीच गोळी. समोर कागदाचं किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्य. आपला स्वप्नील कुसाळे, राधानगरीतल्या कांबळवाडीचा पोरगा, 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात 451.4 गुण करून कांस्य घेऊन आला. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये (पडून नेम धरायच्या प्रकारात) जगज्जेती झाली. इथल्याच राही सरनोबतनं 2018 मध्ये पालेम्बांगला 25 मीटर पिस्तुलात आशियाई सुवर्ण घेतलं, त्या पिस्तुलातही हीच पॉइंट टू टूची काडतुसं. त्या दिवशी तुमच्या गल्लीत फटाके वाजले नाहीत का? की तेव्हाही तुम्ही बाहेर येऊन ‘कसली आलीय कला’ असं विचारलंत?

(एअर रायफलला पुंगळी नसते, तिथे नुसता छर्रा. हे एवढ्यासाठी सांगते की एका ताईंनी मुलाच्या एअर रायफलच्या ‘पुंगळ्या’ पाठवू का असं विचारलंय. नको ताई, तो शिशाचा छर्रा आहे, हातसुद्धा लावू नका.)

तुम्ही म्हणाल, पुंगळी बघून लोकांना नेमबाजी आठवत नाही, गोळीबार आठवतो. म्हणा. कुणाला काय आठवावं हे मी कसं ठरवणार? पण मग एक सांगा. ज्या साजाचं नाव घेऊन तुम्ही मला दटावलंत, तो कधी हातात घेऊन बघितलाय? त्याची पानं मोजलीत? चंद्र, कमळ, शंख, मासा, कासव, बेलपान, आणि त्यांच्याच रांगेत वाघनख. वाघाचं नख, साहेब. फाडायचं हत्यार. ते सोन्यात घडवून आपल्या आज्या-पणज्यांनी गळ्यात घातलं आणि कुणी त्यांना हिंसेचा जाब विचारला नाही. लहान पोरांच्या गळ्यात तर खरं वाघनख चांदीत मढवून बांधायचे. खंडेनवमीला आपण शस्त्रं पुसून त्यांना हळद-कुंकू लावतो. घटस्थापनेला अंबाबाईच्या देवळात तोफेची सलामी होते, तेव्हा आपण सगळे हात जोडून उभे असतो. या गावाला हत्याराचं वावडं कधी नव्हतं. माणसाला मारणं वेगळं आणि हत्याराचा आकार अंगावर घेणं वेगळं, एवढा फरक इथं निरक्षर म्हातारीलाही कळायचा.

मी तर हत्यारही घेतलेलं नाही. त्याचं टरफल घेतलंय.

एक गोष्ट मात्र मी कटाक्षानं पाळते, आणि तीही लेखात होती. गोळीबारातल्या, पोलिसांच्या, फौजेच्या पुंगळ्या मी घेत नाही. कुणी आणून दिल्या तरी नाही. त्या पुंगळ्या हिशेबाच्या असतात किंवा पुराव्याच्या असतात. पॉइंट टू टूच्या पुंगळीला मागे वेगळी टोपी नसते, मसाला तिच्या काठातच भरलेला असतो, म्हणून पिन काठावर बसते आणि तिथं एक खाच उठते. प्रत्येक बंदुकीची खाच वेगळी. त्यावरूनच तर कुठली पुंगळी कुठल्या बंदुकीची ते ओळखतात. ती खाच मी कानशीनं घासून काढत नाही. कानातल्याच्या मागच्या बाजूला ती तशीच असते, आणि मला विचाराल तर सगळ्या दागिन्यातली ती एकच जागा अशी आहे जी मी केलेली नाही.

बाकीचं भराभर.

शिसं. हो, माहीत आहे. त्या मसाल्यात शिशाचं संयुग असतं, गोळी तर शिशाचीच, आणि त्याचा कण पुंगळीच्या आत चिकटून राहतो. म्हणूनच लेखात लिहिलं होतं की पहिली धुणी साबणाच्या पाण्यात, मोजे घालून, स्वयंपाकघराच्या बाहेर, आणि त्या भांड्यात पुन्हा कधी अन्न शिजवायचं नाही. कोरडी कानस मारायची नाही, भुकटी उडते, ओलं करूनच घासायचं. चिंच-मीठ त्यानंतर, चकाकीसाठी. जेवायच्या आधी हात धुवायचे, ओट्यावर काम करायचं नाही. शेवटी आतून लॅकरचा हात द्यायचा. कानात जाणारी आकडी मी पितळेची ठेवतच नाही, हुपरीच्या चांदीची लावते, कारण पितळात 70 टक्के तांबं असतं आणि घाम लागला की कान हिरवा होतो. निकेलचा मुलामा असलेल्या पुंगळ्या बाजूला काढते, कित्येकींच्या कातडीला निकेल सोसत नाही. एवढं सगळं लिहूनही ‘माहीत तरी आहे का’! मोज्यांचं मात्र तुमचं बरोबर आहे, फोटोत ते दिसत नाहीत. फोटो धुऊन झाल्यानंतरचा आहे, पण नवख्या वाचकाला ते कळायला मार्ग नाही. फोटोखाली तशी ओळ घातली. धन्यवाद.

गुन्हा. तुम्ही कायद्याचं नाव घेतलं नाहीत, मी घेते. शस्त्र अधिनियम 1959, कलम 45. शस्त्राचे किंवा काडतुसाचे किरकोळ सुटे भाग, जर ते इतर भागांबरोबर जोडून वापरायचे नसतील, तर ते बाळगण्याला हा कायदा लागू होत नाही. पॉइंट टू टूची झाडलेली पुंगळी घरी पुन्हा भरता येत नाही, काठातला मसाला एकदाच पेटतो. मी तर तिच्या तोंडाला चिरा पाडून पाकळ्या उलगडते. त्या फुलात कुणी दारू भरून दाखवावी. विमानानं जाताना हे घालू नका, सामानात पुंगळी दिसली की तपासणीला थांबवतात आणि तिथं कलम 45 वाचून दाखवायला वेळ नसतो, हेही मी लिहिलं होतं. तुमच्या ‘गुन्हा आहे’ या दोन शब्दांपेक्षा ते वाचकाच्या जास्त उपयोगाचं आहे असं मला वाटतं.

कोल्हापूरचं नाव. साज लाखेवर उभा असतो. वरचा सोन्याचा पत्रा पातळ, आत लाख. लाख म्हणजे झाडाच्या फांदीवर बसलेल्या किड्याच्या अंगातून निघालेला चिकट पदार्थ. ते गुजरीतल्या कारागिरानं उचललं आणि त्यातून तुम्हाला मिरवायला परंपरा दिली. वस्तू कुठून आली एवढ्यावरच दागिन्याची जात ठरवायची असेल तर सुरुवात तिथून करा. आणि गुजरीतल्या कारागिरांची तुम्हाला एवढी कळकळ असेल, तर त्यातल्या किती जणांनी पोरांना या धंद्यात घातलं तेही एकदा विचारून या. माझ्या वडिलांनी मला घातलं नाही. बीकॉम करायला लावलं. आज पुंगळीला ताव देताना सांडशी मात्र त्यांचीच असते, आणि ‘घरी बसून वेळ जात नसला की’ हे वाक्य मला एवढं का लागलं ते तुम्हाला यातून कळलं तर कळलं, नाहीतर राहू दे.

एका वाचकानं खासगीत विचारलंय की पाकळ्या उलगडताना दरवेळी चीर पडते, काय करू. तुम्ही ताव कमी देताय. अंधारात बघा, पुंगळी मंद लालसर दिसली की थांबा, त्यापुढे नको, जस्ताचा धूर निघेल आणि तो नाकात जाता कामा नये. पाण्यात सोडा. मग चिरा पाडा, अर्ध्यापर्यंत उलगडा, पुन्हा एकदा ताव द्या आणि मगच पुढे. एका दमात पाकळी वाकत नाही. आणि पुंगळीत गोळी शिल्लक नाही हे आगीजवळ नेण्याआधी बघा, दोनदा बघा.

हितचिंतक, तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर राहिलं. मी हे विकत नाही. भाचीला दिली, मैत्रिणींना दिली, ज्या नेमबाजाच्या पुंगळ्या होत्या त्याच्या आईला दिली. त्या माउलीनं ती घालून अंबाबाईचं दर्शन घेतलं, देवी काही बोलली नाही. तुमची पुढची प्रतिक्रियाही मी छापीन, कितीही कडू असली तरी. फक्त खाली नाव लिहा, आणि ते ‘ताई’ तेवढं काढा.