बुचडा, कॉलर आणि शिस्त

नमस्कार काका,

मी केस वाढवतो आणि कामावर बांधून लपवतो, हे माझं लिखाण वाचून तुम्ही मला पत्र पाठवलंत. ३२ वर्षं कारखान्यात सुपरवायझर होतात असं लिहिलंत, म्हणून काका म्हणतो. तुमचे आक्षेप दोन. पुरुषाने केस राखले की शिस्त गेली. आणि कामावर लपवायचेच असतील, तर वाढवायचे कशाला?

शिस्तीचं आधी. लेथ मशीनजवळ तुम्ही केसांबाबत कडक होतात ते योग्यच होतं. चक, म्हणजे वस्तू पकडून फिरवणारा भाग, फिरत असताना एक बट अडकली तरी माणूस आत ओढला जातो. पण धोका मोकळ्या केसांचा, लांब केसांचा नव्हे. आमच्या बँकेच्या शाखेत काउंटरवर चार बायका बसतात, तिघींचे केस कमरेपर्यंत आहेत. त्यांना कापून या असं कोणी म्हणत नाही, नीट बांधून या म्हणतात. मला तोच नियम हवाय. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हाही मी एवढंच म्हणालो.

लांबीवरून माणूस जोखायचा प्रयोग सिंगापूरने १९७०च्या दशकात केला. लांब केसांच्या पुरुषांचं काम सगळ्यांत शेवटी होईल, अशी पोस्टरं सरकारी कचेऱ्यांत होती, आणि लांब म्हणजे किती याची चित्रंसुद्धा. मी काउंटरच्या आत बसणारा माणूस आहे. रांगेतल्या एखाद्याला केसांपायी मागे ठेवायचं, हे मला सहनच होत नाही.

आता लपवण्याचं. पेन्शनच्या चौकशीला आजी-आजोबा येतात, त्यांचं लक्ष पासबुकात राहावं असं मला वाटतं, माझ्या डोक्यावर नको. यात लाज कसली? आपल्याकडे पागोट्याखाली शेंडी घेऊन माणसं कचेरीत जातच होती. मी मानेलगत बुचडा बांधतो, दोन आकडे खोचतो, बाकीचं कॉलर सांभाळते. उंच बांधला तर हेल्मेट बसत नाही. आणि रोज ताणून बांधले की कपाळाजवळचे केस विरळ होतात, हे मी आरशात पाहिलंय. तेव्हापासून सैल बांधतो, ओले तर कधीच बांधत नाही.

वाढवायचे कशाला, याचं उत्तर साधं आहे: मला आवडतात. कॅन्सरच्या रुग्णांच्या विगसाठी केस देणाऱ्या पुरुषांबद्दल मला आदर आहे. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे १२ इंच द्यायचे तर दोन वर्षं थांबावं लागतं. पण माझं कारण ते नाही, आणि चांगलं दिसावं म्हणून ते पुढे करणार नाही.

तुमचा नातू माझं वाचून केस वाढवतोय, याचा तुम्हाला राग आहे. त्याचे केस कानाखाली आलेत म्हणता, म्हणजे सगळ्यांत अवघड टप्पा: बांधता येत नाहीत, मोकळे विस्कटतात. त्याला सांगा, न्हाव्याकडे फक्त मानेवरचे बारीक करून घे, पुढचे राहू दे. पुढचे मागे पोचून बांधता येईपर्यंत सात-आठ महिने जातील. तोवर इंटरव्ह्यू असेल तर थोडं जेल लावून केस मागे बसवायचे. आणि तुम्ही त्याच्याशी अबोला धरू नका, काका.